प्रतींचा बाजार आणि कलावंताचा वाटा
(कुंभकोणम येथे विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



कावेरीकाठच्या या भागात नकलेविरुद्ध बोलताना थोडा संकोच वाटतो. येथून जवळच तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी पंडितांकरवी ठिकठिकाणच्या विद्याकेंद्रांतून ग्रंथ विकत घेतले, तसेच नकलूनही आणविले. नक्कल करणे हे तेव्हा विद्येच्या रक्षणाचे काम होते आणि त्याला श्रम व पैसा लागे. प्रत जवळजवळ फुकट निघू लागल्यावर हा प्रश्न उभा राहिला.

ग्रामोफोनची तबकडी घरी बनत नसे. १९८० च्या दशकात कॅसेटने ते बंधन सैल केले, तर एमपी३ स्वरूपाने एका चकतीवर शंभराहून अधिक गाणी बसवून ते पार तोडले. १९९९ साली नॅपस्टर आले आणि चकतीचीही गरज उरली नाही. त्या वर्षी जगातील ध्वनिमुद्रित संगीताचे उत्पन्न २,००० कोटी डॉलरहून अधिक होते. २०१४ पर्यंत ते सुमारे १,४०० कोटींवर घसरले. पुढे ते सावरले, परंतु चकत्यांच्या विक्रीने नव्हे, तर वर्गणी भरून ऐकण्याच्या सेवांमुळे. म्हणजे श्रोता वस्तूऐवजी परवान्याचे पैसे देऊ लागला. भारतात मधल्या काळात मोबाइलच्या ‘कॉलर ट्यून’ने कंपन्यांना तारले, हे आज कोणाला खरेही वाटणार नाही.

चित्रपटाचे नुकसान निराळ्या प्रकारचे असते. गाणे वर्षानुवर्षे ऐकले जाते, चित्रपटाची कमाई मात्र पहिल्या काही दिवसांतच होते. त्यामुळे प्रदर्शनाच्या दिवशीच बाहेर पडलेली चोरटी प्रत अधिक घातक ठरते. तामिळनाडूने यावर कठोर मार्ग निवडला. गुंडांविरुद्धच्या १९८२ च्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्यात २००४ साली ‘व्हिडिओ चाच्यां’चा समावेश करण्यात आला. महाराष्ट्रानेही २००९ मध्ये आपल्या १९८१ च्या अधिनियमात तशीच दुरुस्ती केली. खटल्याविना वर्षभर स्थानबद्धतेची तरतूद असलेले हे हत्यार पदपथावर चकत्या विकणाऱ्यावर चालू शकते, परदेशातील सर्व्हरवर नाही. म्हणून मला ते अपुरे वाटते आणि काहीसे अन्यायकारकही.

न्यायालयीन मार्गाचे उदाहरणही तामिळ चित्रपटसृष्टीचेच आहे. ‘३’ या चित्रपटातील ‘कोलावेरी डी’ हे गाणे नोव्हेंबर २०११ मध्ये यूट्यूबवर विनामूल्य उपलब्ध झाले आणि जगभर पोहोचले. मार्च २०१२ मध्ये चित्रपट प्रदर्शित होताना निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालयाकडून अज्ञात प्रतिवादींविरुद्ध मनाई हुकूम मिळविला. इंटरनेट सेवा कंपन्यांनी त्याचा अर्थ इतका सैल लावला की, संपूर्ण संकेतस्थळेच बंद झाली आणि त्यांवरील निरपराध सामग्रीही दिसेनाशी झाली. जूनमध्ये न्यायालयाला स्पष्ट करावे लागले की, हुकूम विशिष्ट पत्त्यांपुरताच आहे. विनामूल्य दिलेल्या गाण्याने कीर्ती मिळविली, पण चित्रपटाला तिकीटबारीवर तसे यश लाभले नाही. तेव्हा प्रत्येक अपयश चाचेगिरीच्या खात्यावर टाकता येत नाही.

दिग्दर्शक चेरन यांनी २०१५ साली वेगळी वाट चोखाळली. आपल्या चित्रपटाची अधिकृत चकती त्यांनी थेट घरोघरी विक्रीस आणली. चोरट्या प्रतीचे आकर्षण स्वस्ताई आणि सोय यांत असते, हे त्यांनी नेमके ओळखले होते. मात्र चकतीचे युग तेव्हा मावळतीला लागले होते आणि २०१६ नंतर स्वस्त डेटाने ते संपविलेच.

परीक्षेच्या दृष्टीने दोन दुरुस्त्या लक्षात ठेवाव्यात. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ मधील २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांना चित्रपटगृहाबाहेरील वापरातून मिळणाऱ्या स्वामित्वधनाचा वाटा सोडून देण्यास मनाई केली. चित्रपटगृहात अनधिकृत चित्रीकरण करणाऱ्यास सिनेमॅटोग्राफ (सुधारणा) अधिनियम, २०२३ नुसार तीन महिने ते तीन वर्षे कारावास व किमान तीन लाख रुपये दंड होऊ शकतो. दंडाची कमाल मर्यादा निर्मितीखर्चाच्या पाच टक्के आहे. पहिली दुरुस्ती मला अधिक मोलाची वाटते. चोरी थांबली तरी पैसा कोणाच्या हाती जातो, हा प्रश्न त्याआधी फारसा विचारला जात नसे.

तो प्रश्न या भूमीत विशेष जिव्हाळ्याचा आहे. येथून जवळच्या तिरुवावडुतुरैचे नादस्वरवादक टी. एन. राजरत्नम पिळ्ळै १९५६ साली निवर्तले. त्यांच्या तोडी रागाच्या तबकड्या घराघरांत वाजल्या. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो, म्हणून त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांची प्रत आज कोणीही काढू शकतो. ती चाचेगिरी ठरत नाही. वादकाचा स्वतःचा ‘प्रयोगकर्त्याचा हक्क’ भारतीय कायद्यात आला तो मात्र १९९४ च्या दुरुस्तीने.

आज विवाहमंडपात नादस्वर वाजू लागताच दहा मोबाइल वर होतात. खासगी उपयोगासाठी किंवा खऱ्याखुऱ्या अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या मुद्रणाला अधिनियमाच्या कलम ३९ ची मुभा आहे. तेच मुद्रण एखाद्या वाहिनीवर चढून जाहिरातीचे उत्पन्न देऊ लागले की, वादकाची संमती आणि मोबदला हे दोन्ही प्रश्न उपस्थित होतात. बिदागी घेऊन पुढच्या गावी निघून गेलेल्या वादकाला याचा पत्ताही नसतो. त्याच्या वतीने हिशेब मागणार कोण, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात ‘स्वामित्वहक्क संस्था’ असे आहे. मंदिराच्या दारी वाजविणारे किती कलावंत अशा संस्थांचे सभासद आहेत, याची चौकशी तुम्ही आपापल्या गावी जरूर करावी.