रानफळांचा रंग आणि मुलांचे पोषण



राधानगरीच्या डोंगरउतारांवर वैशाखात करवंदे पिकतात, पाठोपाठ जांभळे आणि रातांबे येतात. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा कित्येक मुले जांभळी जीभ घेऊनच वर्गात बसतात. त्याबद्दल त्यांना बोलणी खावी लागतात. दुकानातील रंगीत गोळी मात्र प्रतिष्ठेची ठरते. हा उलटा न्याय शिक्षकच बदलू शकतील.

या तिन्ही फळांना गडद रंग देणाऱ्या द्रव्यांस शास्त्रात ‘अँथोसायनिन’ म्हणतात. फळ पिकल्याची वर्दी हा रंग पक्ष्यांना देतो. पक्षी फळ खातात आणि बी दूरवर नेऊन टाकतात. शरीरातील पेशींच्या रक्षणास ही द्रव्ये साहाय्यक असावीत, असे प्रयोगशाळांतील संशोधन सुचविते. तथापि ती औषधे नव्हेत. जांभळाने मधुमेह बरा होतो, असे सांगणे योग्य नाही.

पोषणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते ‘क’ जीवनसत्त्व. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. भाकरी, डाळ व पालेभाजी यांतील लोह शरीर अल्प प्रमाणातच शोषून घेते. जेवणाबरोबर ‘क’ जीवनसत्त्व मिळाल्यास हे शोषण वाढते. ताजी करवंदे, पेरू, आवळा, लिंबू यांचे स्थान म्हणूनच ताटाशेजारी आहे. फळे मिळाली म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत.

वर्गात एक सोपा प्रयोग करावा. जांभळाच्या सालीचा रस पाण्यात मिसळून दोन पेल्यांत घ्यावा. एकात लिंबू पिळावे, दुसऱ्यात खाण्याचा सोडा टाकावा. पहिला लालसर होतो, दुसरा निळसर-हिरवट. हे पाणी कोणी पिऊ नये.

मात्र रंग हा निर्धोकपणाचा पुरावा नव्हे. काजऱ्याचे नारिंगी फळ मोहक दिसते. त्याच्या बिया जहाल विषारी असतात. गुंजेचेही तसेच. यास्तव जाणत्या माणसाने ओळखून दिलेले फळच खावे, धुऊन खावे, आणि अभयारण्याच्या हद्दीतून काही तोडू नये, हे तीन नियम मुलांकडून पाठ करून घ्यावेत.

बांधावरच्या करवंदीची ओळख शाळेत झाली, तर मूल तिला गरिबाचा खाऊ समजणार नाही.