डोंबिवलीत घर घेणारा परदेशी नागरिक



डोंबिवलीतल्या टिळकनगरात किंवा ठाण्याच्या नौपाड्यात एका तरी घरातलं मूल परदेशी नाही, अशी जुनी सोसायटी शोधूनही सापडायची नाही. त्यातल्या बऱ्याच जणांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय. १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे त्याबरोबर भारताचं नागरिकत्व संपतं. दिवाळी पहाटेला फडके रोडवर उभं राहून मोठा झालेला मुलगा आई-वडिलांजवळ फ्लॅट घ्यायला येतो, तेव्हा कायद्यापुढे तो परदेशी नागरिक असतो. रिझर्व्ह बँकेचे नियम त्याला अडवतील अशी धास्ती घरोघरी असते. माझं म्हणणं असं, की तो अडकतो इथल्या कागदांत. आणि ते कागद तपासायचं ओझं आपण सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांवर टाकून मोकळे होतो.

त्या धास्तीला एकेकाळी कारण होतं. १९७३च्या ‘फेरा’ या परकीय चलन कायद्यात परदेशी नागरिकाला इथं स्थावर घ्यायचं तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागे. १ जून २००० पासून त्याच्या जागी ‘फेमा’ आला आणि २०१९ च्या नियमांनी चित्र पुरतं स्पष्ट केलं. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलेल्या माणसाला इथं घर, दुकान, ऑफिस घेता येतं. किती घ्यावीत, याला मर्यादा नाही. अट पैशाच्या वाटेची आहे. रक्कम बँकेमार्फत बाहेरून यावी किंवा त्याच्या एनआरई, एनआरओ अशा अनिवासी खात्यातून जावी. सुट्टीवर येताना आणलेले डॉलर बिल्डरच्या हातावर ठेवणं बेकायदा आहे. त्याची पत्नी भारतीय वंशाची नसेल, तरी लग्न नोंदवलेलं असून दोन वर्षं टिकलेलं असेल तर पतीबरोबर तिचंही नाव एका घरावर लागू शकतं.

शेतजमीन, मळा आणि फार्महाऊस मात्र त्याला विकत घेता येत नाही. मुरबाड, शहापूर, कर्जतच्या ‘फार्महाऊस प्लॉट’च्या जाहिराती परदेशातल्या मुलांच्या मोबाईलवर सर्रास जातात. जागा बिनशेती असल्याचा अधिकृत कागद हातात असल्याशिवाय तिथं टोकनसुद्धा देऊ नका. गावची वडिलोपार्जित शेती वारशाने मात्र त्याच्याकडे येऊ शकते, म्हणून सातबाऱ्यावर वारस नोंद करताना ‘तो आता परदेशी झाला’ असं म्हणून कुणी त्याचं नाव वगळत असेल, तर तो अन्याय आहे. ती जमीन पुढे विकायची झाली, तर घेणारा भारतात राहणारा भारतीय नागरिकच हवा.

आता ज्यासाठी मी खरं तर उभा आहे, त्या गोष्टीकडे येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून या इमारतींची महारेरा या गृहप्रकल्पांच्या नियामकाकडे नोंदणी करून घेतली होती. आत राहणाऱ्यांनी बँकेची कर्जं काढून, रीतसर दस्त नोंदवून घरं घेतली होती. त्यांनी आणखी काय करायला हवं होतं, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला, तेव्हा ‘रेरा नंबर आहे ना, मग झालं’ असं आपण सगळेच म्हणायला लागलो. त्या नंबरामागची परवानगी खोटी असू शकते, हे इथली कुटुंबं घर गमावण्याच्या भीतीत शिकली. आणि अनधिकृत इमारतीत घराहून मोठं काय जातं, हे एप्रिल २०१३ मध्ये शिळफाट्याजवळची इमारत कोसळून ७४ माणसं गेली तेव्हा आपण पाहिलं आहे.

कॅलिफोर्नियात बसलेल्या मुलाला संकेतस्थळावर रेरा नंबर दिसतो. कल्याण-डोंबिवलीतल्या २७ गावांपैकी कुठल्या गावात, कुठल्या सर्व्हे नंबरवर इमारत उभी आहे, हे दिसत नाही. म्हणून सांगतो, बांधकाम परवानगीची प्रत बिल्डरकडून घेऊन थांबू नका. तिचा क्रमांक आणि तारीख महापालिकेच्या नगररचना विभागाकडून लेखी पडताळून घ्या; माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागला तरी करा. तयार घर असेल तर ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, पाहा. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक पाहा. सर्च रिपोर्ट बिल्डरच्या वकिलाचा नको, आपण नेमलेल्या वकिलाचा हवा. त्याची फी वाचवणारे लोक मला समजतच नाहीत.

मुलगा येऊ शकत नाही म्हणून वडिलांच्या नावाने मुखत्यारपत्र होतं. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं किंवा ॲपोस्टिल केलेलं असावं, आणि इथं पोचल्यापासून तीन महिन्यांत त्याला मुद्रांक लागला पाहिजे. पुष्कळदा ते कपाटात पडून राहतं आणि दस्ताच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात वडील तासन् तास बसून परत येतात. मुखत्यारपत्रात एकाच घराचा उल्लेख ठेवा, ‘सर्व मिळकती, सर्व व्यवहार’ असं लिहू नका. वडिलांना सही करावी लागणार असेल, तर आधी मसुदा मुलाने वाचावा, वकिलाशी त्यानेच बोलावं. आपले आई-वडील ‘मुलाला त्रास नको’ म्हणून शंका गिळतात. ती शंका त्यांनी बोलून दाखवावी, यासाठी मुलांनी फोनवर थोडा जास्त वेळ द्यावा.

विक्रीच्या बाजूने एक गोष्ट इथं राहणाऱ्यांनीही ऐकून ठेवा. तुम्ही घेताय तो फ्लॅट परदेशात राहणाऱ्याच्या नावावर असेल, तर नेहमीसारखा १ टक्का टीडीएस कापून भागत नाही. परदेशस्थ विक्रेत्याचा टीडीएस वेगळा आणि बराच जास्त असतो. कमी कापला तर ती रक्कम आयकर खातं खरेदीदाराकडून मागतं. विक्रेत्याने आधीच आयकर अधिकाऱ्याकडून कमी दराचा दाखला आणला, तर दोघांचंही भलं होतं. कर भरल्यावर एनआरओ खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत रक्कम तो बाहेर नेऊ शकतो.

आपल्याकडच्या तीन-चार मजली सोसायट्या आता पुनर्विकासाला निघाल्या आहेत. वडील गेलेले, आई एकटी, नॉमिनी म्हणून मुलाचं नाव, आणि तो सिडनीत. नॉमिनी आहे म्हणजे मालक झाला, असं होत नाही. त्याच्या बहिणीचा हक्क नॉमिनेशनमुळे बुडत नाही. विकसकाचा करार समोर येण्याआधीच वारसांनी आपसांत बसून हक्कसोडपत्र करायचं की सगळ्यांची नावं लावायची, ते ठरवावं. आणि काहीही ठरलं तरी आईचा त्या घरात राहण्याचा हक्क आधी कागदावर लिहून घ्यावा.