आधी गिऱ्हाईक, मग मशीन
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

संध्याकाळची वेळ आहे, बऱ्याच जणींचा तवा चुलीवर असेल. भाकरी थापता थापता ऐका, हातातलं काम सोडू नका.

मी बचत गटांची समन्वयक आहे. गेली नऊ वर्षं सोलापूर जिल्ह्यातल्या गावांमध्ये गटांच्या बैठका घेते. बचतीची नोंद झाली, सह्या झाल्या, की कुणीतरी हमखास विचारतं, "ताई, आम्हाला काहीतरी धंदा करायचाय. मशीन कुठलं घेऊ?"

पूर्वी मी या प्रश्नाचं उत्तर द्यायचे. आता देत नाही. का देत नाही, तेच आज सांगणार आहे.

सहा वर्षांपूर्वी एका गावात दहा जणींचा गट होता. बचत नियमित, एकही हप्ता थकलेला नाही. बँक दीड लाख कर्ज द्यायला तयार होती. तेवढ्यात गावात द्रोण-पत्रावळीचं मशीन विकणारा एक माणूस आला. त्यानं मशीन चालवून दाखवलं, खटाखट द्रोण पडायला लागले. म्हणाला, "कच्चा माल आम्ही देऊ, तयार माल आम्हीच उचलू. तुम्ही फक्त बटण दाबायचं." बायकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "घ्या."

पहिले दोन महिने त्यानं माल उचलला. तिसऱ्या महिन्यात दर पाडला. चौथ्या महिन्यात फोन उचलणं बंद केलं. मग आम्ही पिशव्या घेऊन तालुक्याच्या बाजारात गेलो. दुकानदार म्हणाले, "आम्हाला मोठ्या कारखान्याचा माल याहून स्वस्त पडतो, आणि वर महिन्याची उधारी मिळते." लग्नसराईत थोडा माल खपला. पावसाळ्यात कागद सादळला. मशीनवर पोतं पडलं ते पडलंच.

हप्ता मात्र थांबला नाही. महिन्याला ५,००० रुपये, बाईमागे ५००, अशी तीन वर्षं. ५०० रुपये म्हणजे आमच्याकडे दोन दिवसांची खुरपणी. एका अक्कांनी शेळी विकून हप्ते भरले. त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. पण पुढे वर्षभर त्यांच्या दारावरून जाताना "चहा घेऊन जा" असं काही म्हणाल्या नाहीत. मला ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

मी पुष्कळ विचार केला, चूक कुठे झाली? मशीन चालत होतं. बायका कामाला कमी नव्हत्या. बँकेनंही वेळेवर कर्ज दिलं होतं. चूक ही झाली, की "हे घेणार कोण?" हा प्रश्न आम्ही कर्ज काढल्यानंतर विचारला. आणि सगळा माल घेणारा माणूस एकच, तोही मशीन विकणारा! त्याचा धंदा मशीन विकल्यावर संपला. आपला तिथून सुरू होणार होता.

आता दुसरी गोष्ट ऐका. ही तुम्हाला सगळ्यांना माहीत असलेल्या पापडाची आहे, लिज्जत पापडाची.

१५ मार्च १९५९. मुंबईत गिरगावातल्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका जमल्या. त्यात जसवंतीबेन पोपट होत्या. जवळ भांडवल नव्हतं. छगनलाल पारेख नावाच्या समाजसेवकाकडून त्यांनी ८० रुपये उसने घेतले. पीठ मळलं, पापड लाटले. पहिल्या दिवशी किती माल केला असेल? फक्त चार पाकिटं. आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली.

चार पाकिटं विकायला मशीन लागत नाही. चार पाकिटं खपली नसती, तर नुकसान किती झालं असतं? घरच्यांना आठवडाभर पापड खावे लागले असते, एवढंच. धंद्याच्या सुरुवातीला हे पाहायचं असतं, की फसलो तर किती बुडेल. बुडणारी रक्कम आपल्याला सोसवेल एवढी असली, की माणूस पुन्हा उभा राहतो.

पुढे काय झालं? पावसाळा आला. पापड वाळेनात. पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी बायकांनी युक्ती केली. एक खाट आणली, एक शेगडी आणली. खाटेवर पापड पसरले, खाली शेगडी ठेवली. पावसातही पापड वाळायला लागले. आजकाल शिबिरांमध्ये "नवकल्पना, नवकल्पना" म्हणतात, तेव्हा मला ही खाट आठवते. नवी कल्पना म्हणजे दरवेळी नवीन वस्तू शोधायची असं नाही. काम अडलंय कुठे ते नीट बघायचं आणि हाताशी असलेल्या साधनातून वाट काढायची.

आणखी एक. सुरुवातीला त्यांनी दोन प्रकारचे पापड करायचं ठरवलं होतं, एक चांगला आणि एक हलका, स्वस्तातला. छगनलाल पारेखांनी सांगितलं, एकच करा, पण चांगला करा आणि दर्जा कधी सोडू नका. बायकांनी ते ऐकलं. पहिल्या वर्षाची विक्री होती ६,१९६ रुपये. आज त्या संस्थेत चाळीस हजारांहून जास्त बायका काम करतात, आणि २०२१ साली जसवंतीबेनना पद्मश्री जाहीर झाली. पण आपण पद्मश्रीकडे बघायचं नाही. आपण त्या चार पाकिटांकडे बघायचं.

तुम्ही म्हणाल, ताई, ती मुंबई. आमच्या गावात काय? म्हणून परत त्याच पत्रावळीच्या गटाकडे येते.

मशीनचे हप्ते चालू असतानाच गटातल्या तिघी म्हणाल्या, "आम्हाला भाकरी येते, तेच करून बघतो." मी या वेळी "घ्या"ही म्हटलं नाही आणि "करा"ही नाही. म्हटलं, "आधी पंधरा दिवस विकून बघा. कर्ज नाही, मशीन नाही, तिघींचे दोन-दोनशे रुपये." हायवेवरच्या एका ढाब्यावर जाऊन त्यांनी विचारलं, "तुम्हाला भाकरीची अडचण काय येते?" मालक म्हणाला, "दुपारी गर्दी होते तेव्हा थापायला बाई नसते." झालं. गिऱ्हाइकाची अडचण कळली, की निम्मा धंदा कळला.

पहिल्या दिवशी वीस भाकरी नेल्या. मालकानं तक्रार केली. एक जाड, एक पातळ, एक लहान, एक मोठी. तीन हातांच्या भाकरी, सारख्या कशा होणार? मग तिघींनी किराणा दुकानातून जुना तराजू आणला. पिठाचा गोळा तोलून घ्यायचा आणि एकाच मापाच्या ताटाएवढी भाकरी थापायची. भाकरी वातड होऊ नये म्हणून सुती कापडात गुंडाळून पाटीत ठेवायची. अकरा म्हणजे अकरालाच पोचवायची. ही त्यांची खाट आणि शेगडी!

पंधरा दिवसांनी आम्ही हिशेबाला बसलो. भाकरी ८ रुपयांना दिली होती. तिघी खूश होत्या, रोज पैसा दिसत होता. मी विचारलं, "एक किलो पिठाच्या दहा भाकरी. खर्च किती?" एक जण म्हणाली, "ज्वारी घरचीच आहे, तिचे कसले पैसे?" बायांनो, इथेच आपण फसतो. घरची ज्वारी फुकट नसते. बाजारात नेली असती तर तिचे पैसे आलेच असते.

मग फळ्यावर मांडलं. ज्वारी ४० रुपये. दळण ६. गॅस आणि सरपण १४. कापड, पिशव्या ५. नेण्या-आणण्याचा खर्च १०. झाले ७५. दहा भाकरींचे आले ८०. म्हणजे नफा ५ रुपये? नाही. अजून एक खर्च राहिला होता, आपले हात. दहा भाकरींना अर्धा तास लागतो. खुरपणीला गेलो तर तासाला ५० रुपये मिळतात, म्हणजे अर्ध्या तासाचे २५. आता खर्च झाला १००. आले ८०. दर दहा भाकरींमागे २० रुपये आपण आपल्या पदरचे घालत होतो, आणि आनंदानं घालत होतो!

हे आमच्याकडचे त्या वेळचे भाव. तुमच्याकडे वेगळे असतील. पण रीत हीच. आपला वेळ खर्चात धरायचा. तो धरला नाही, तर धंदा चालतोय असं वाटतं आणि बाई झिजत जाते.

त्यांनी दर १२ रुपये केला. पहिल्या ढाब्यानं नकार दिला. दोघींचे चेहरे उतरले. पण आठ दिवसांत दुसऱ्या दोन ढाब्यांनी घेतली, कारण भाकरी एकसारखी होती आणि वेळेवर येत होती. आता एक ढाबा बंद असला तरी दुसरा असतो. शिवाय ढाबे बंद असतील त्या दिवशी त्या कडक भाकरी करतात. आपल्या सोलापूरची कडक भाकरी बरेच दिवस टिकते. पुण्याला नोकरीला, शिक्षणाला असलेल्या पोरांसाठी आया ती बांधून नेतात. मागणी वाढली तेव्हा कुठे तिघींनी गटातून २०,००० चं कर्ज घेतलं, मोठा तवा आणि शेगडीसाठी. दोन ढाब्यांकडून रोजचा पैसा येत होता, त्यातून हप्ता बसतो हे आधीच कळलं होतं.

"ताई, आम्हाला हिशेब येत नाही, आम्ही शिकलेल्या नाही," असं पुष्कळ जणी म्हणतात. त्यांना मी शेजारच्या माण तालुक्याची गोष्ट सांगते. म्हसवडला चेतना सिन्हा यांनी गावच्या बायकांना घेऊन बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण बऱ्याच बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका खचल्या नाहीत. अक्षरं गिरवली आणि काही महिन्यांनी परत गेल्या. अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज आम्हाला तोंडी विचारा, आणि तुमच्या माणसांना यंत्रावर करायला सांगा, बघू कोण आधी सांगतं. १९९७ साली माणदेशी महिला बँक सुरू झाली. हिशेब आपल्याला येतो, बायांनो. फक्त धंद्याचा हिशेब आपण मांडत नाही.

तो मांडायचा तर दोन गोष्टी आजच करा. एक, धंद्याचा डबा वेगळा आणि घरचा डबा वेगळा. पोराची फी, मालकांचं पेट्रोल, पाहुण्यांचं मटण, सगळं धंद्याच्या डब्यातून गेलं, की पीठ आणायला पैसे राहत नाहीत. घराला पैसे द्यायचे तर आपली मजुरी म्हणून ठरवून घ्या आणि वहीत लिहा. दोन, उधारीला मर्यादा घाला. जावेला, नणंदेला "नाही" म्हणणं जड जातं, मला माहीत आहे. पण "गटाचा नियम आहे" म्हटलं, की नातं तुटत नाही. गटाचा हा मोठा आधार आहे.

आता योजनांबद्दल. खाण्याचे पदार्थ करणाऱ्यांसाठी २०२० साली प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना सुरू झाली. त्यात प्रकल्पाच्या खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान ठेवलं होतं. गटातल्या सदस्याला लहान साधनं आणि खेळतं भांडवल यासाठी ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवलाचीही सोय त्यात ठेवलेली होती. आत्ताच्या अटी तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या. अन्न परवान्याची नोंदणीही करून घ्या. आमच्या तिघींनी केली तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. नोंदणी असली की दुकानदार माल ठेवायला कचरत नाही.

पण एक लक्षात ठेवा. ३५ टक्के अनुदान म्हणजे उरलेले ६५ टक्के आपल्या डोक्यावर. ज्या वस्तूला गिऱ्हाईक नाही, तिच्यावर अनुदान मिळालं तरी ती महागच पडते. अनुदान आहे म्हणून धंदा काढायचा नाही. धंदा चालतोय, त्याला हात द्यायचा म्हणून अनुदान घ्यायचं.

पुढच्या बैठकीत कुणी "मशीन घेऊ" म्हणालं, तर तिला थांबवू नका, रागवू नका. इतिवृत्ताच्या वहीत तिच्याकडून चार ओळी लिहून घ्या. माझा माल घेणाऱ्या पाच जणांची नावं काय? त्यांची कुठली अडचण माझ्या मालानं सुटते? माझी मजुरी धरून एका नगाला खर्च किती? आणि किती पैसे बुडाले की मी थांबणार? चारही उत्तरं आली, की थोडा माल करून पंधरा दिवस विकून बघा. मग बँकेत जा. उत्तरं आली नाहीत, तर कर्ज महिनाभर पुढे ढकला. त्यानं काही बिघडत नाही.

त्या गटाचं पत्रावळीचं मशीन शेवटी आम्ही मिळेल त्या भावात विकलं. शेळी विकणाऱ्या अक्का आता भाकरीच्या कामात आहेत, गोळे तोलायचं काम त्यांच्याकडे आहे. मागच्या महिन्यात त्यांनी मला तराजूतला गोळा दाखवला आणि म्हणाल्या, "बघ, बरोबर आहे का?" मी म्हटलं, "अक्का, आता तुम्हीच सांगायचं, मी ऐकायचं."

चला, तव्यावरची भाकरी करपायच्या आत उलटा.