गळका नळ आणि गळ्यातला आवाज



'समाजवादी राज्यात नागरिकाचा सहभाग' हा विषय जडच आहे, म्हणून मी सरळ क्यूबावर बोलतो. क्यूबाला शिव्या घालायला मी उभा नाही. १९६१ साली तिथली लाखभर पोरंपोरी खेड्यापाड्यांत गेली आणि सात लाखांवर माणसांना लिहायवाचायला शिकवून आली. हे विसरून बोलणारा लबाड.

१९७६ च्या राज्यघटनेनं तिथं लोकसत्तेच्या सभा आणल्या. गल्लीतली माणसं जमतात आणि हात वर करून आपल्यातलाच माणूस उभा करतात. उमेदवार किमान दोन. डिपॉझिट नाही, पैशाची उधळण नाही. मतदान गुप्त. निवडून आलेला आपली नोकरी करतच लोकांची कामं बघतो. त्यानं गल्लीत येऊन हिशेब द्यायचा. नाही जमलं तर लोक त्याला परत बोलावू शकतात. आपल्या नगरसेवकाला असं परत बोलावता आलं असतं तर?

पण आता वर चला. राष्ट्रीय सभेच्या उमेदवारांची यादी आयोग तयार करतो. आयोगात कामगार, महिला, विद्यार्थी यांच्या संघटनांचे प्रतिनिधी. आणि या सगळ्या संघटना पक्षाचं नेतृत्व मानणाऱ्या. मार्च २०२३ मध्ये जागा ४७०, उमेदवारही ४७०. अर्ध्याहून जास्त मतं मिळाली की झालं. सगळेच्या सगळे निवडून आले. म्हंजे गल्लीतला नळ का गळतो हे विचारायचं, पण देशाचा पैसा कुठं जायचा हे ज्यांनी ठरवलं त्यांना बदलायचं नाही.

१९६० पासून तिथं गल्लोगल्ली क्रांतीच्या रक्षणासाठी समित्या आहेत. त्या लसीकरणाला माणसं गोळा करतात, रक्तदान घडवतात, आणि कोणाच्या घरी कोण येतं-जातं यावर नजरही ठेवतात. सेवा आणि पाळत एकाच हातानं चालते. म्हणून सहभाग किती, हे सभेतली डोकी मोजून कळत नाही.

अमेरिकेनं १९६२ पासून नाकेबंदी केलीय, ती गळा आवळणारीच आहे. पण उमेदवारांची यादी काही अमेरिकेनं केलेली नाही.

आपल्याला झोंबणारी गोष्ट पुढंच आहे. क्रांतीनं काळ्यांना शाळा दिली, दवाखाना दिला, गोऱ्यांच्या क्लबांची दारं मोडली. त्याच साठच्या दशकात काळ्यांच्या स्वतःच्या संस्थाही बंद झाल्या. १९६२ साली भेदभाव संपला असं जाहीर झालं. संपलाच म्हटल्यावर तक्रार करणारा फूटपाड्या ठरला. 'आधी वर्ग, मग जात' हे इथं ऐकलेल्यांना मी आणखी काय सांगू?

११ जुलै २०२१ ला लोक रस्त्यावर आले. राष्ट्राध्यक्षांनी टीव्हीवरून आपल्या समर्थकांना त्यांच्यासमोर उतरायला सांगितलं. पुढं शेकड्यांनी तुरुंगात गेले.

समाजवाद मला पाहिजे. भुकेल्याला दुसरं काय पाहिजे असणार? पण कुठलाही झेंडा खांद्यावर घेण्याआधी मी तीन गोष्टी विचारीन. सभेपुढचा विषय कोण ठरवतो? 'नाही' म्हणणारा रात्री आपल्या घरी झोपू शकतो का? आणि ज्याला दुखतं, त्याला आपली वेगळी संघटना बांधता येते का?

तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर उरलेला सहभाग म्हंजे नुसती हजेरी.