‘हलकी कोणती घेऊ?’

(स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळी अनौपचारिक सत्रात केलेले भाषण)



आपले सर आणि बाई निरोप घेऊन गेले याची खात्री करूनच मी माईक हातात घेतला आहे. संयोजकांनी बजावलं होतं, ‘सॉफ्टवेअरवर बोलू नकोस, आम्हाला कळेल असं बोल.’ म्हणून व्हिस्कीवर बोलते.

चाळिशी ओलांडलेल्या मैत्रिणी मला हळू आवाजात एक प्रश्न विचारतात. ‘अगं, एकदा चव घेऊन बघायची आहे. हलकी, स्मूद कोणती घेऊ?’ पुरुष मित्रही विचारतात, फक्त ‘एका मित्रासाठी’ म्हणून. प्रश्न चांगला आहे, पण त्यातल्या ‘हलकी’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. जिभेला हलकी आणि शरीराला हलकी. पहिला अर्थ बाटलीगणिक बदलतो. दुसरा जवळजवळ बदलत नाही.

आधी जिभेचं बघू. नाचणीला मोड आणून, वाळवून आपण सत्त्व करतो. तसंच जवाला मोड आणून वाळवलं की माल्ट होतं. ते आंबवायचं आणि तांब्याच्या भांड्यात ऊर्ध्वपातन करायचं. हा शब्द आपण शाळेत पाठ केला होता, तो इथे कामाला येतो. मग ते ओकच्या पिंपात मुरवायचं. स्कॉटलंडमध्ये किमान तीन वर्षं मुरवल्याशिवाय त्याला स्कॉच म्हणता येत नाही.

व्हिस्की मऊ लागते की खरखरीत, हे याच टप्प्यांवर ठरतं. माल्ट वाळवताना पीटचा, म्हणजे दलदलीतल्या कुजक्या वनस्पतींच्या इंधनाचा धूर दिला, तर व्हिस्कीला धुराचा, कधी आयोडिनचा, थेट दवाखान्याचा वास येतो. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या लॅफ्रॉएग, आर्डबेग या त्या जातीच्या. दर्दी लोक त्यांच्यावर जीव टाकतात, पण पहिल्या घोटाला त्या नकोत. आयर्लंडची जेमसन तीनदा ऊर्ध्वपातन केलेली असते, म्हणून ती सौम्य लागते. स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातल्या ग्लेनफिडिच आणि ग्लेनलिवेट यांच्या बारा वर्षांच्या व्हिस्कींत फळांचा, मधाचा गोडसर वास असतो. ज्या पिंपात आधी अमेरिकन बर्बन मुरली, त्यातून व्हॅनिला आणि खोबऱ्याची झाक येते. शेरीच्या पिंपातून मनुका-खजुराची. आपल्या शेजारच्या गोव्यातली पॉल जॉनची निर्वाणा ही धुराशिवायची सिंगल माल्टही सुरुवातीला चालेल.

लेबल वाचायला शिका. बारा हा आकडा बाटलीतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं वय सांगतो. आकडा नसला म्हणजे माल वाईट, असं नाही. आपल्या उष्ण हवेत व्हिस्की लवकर मुरते आणि लवकर उडूनही जाते. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के उडते, बंगळुरूत दहा टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे बारा वर्षं थांबणं इथे परवडत नाही. आणखी एक गोष्ट. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कींचा मोठा भाग साखर कारखान्याच्या मळीपासून काढलेलं अल्कोहोल असतो. व्हिस्की धान्याचीच हवी असा युरोपात नियम असल्यामुळे तिथे त्या पेयाला व्हिस्की म्हणता येत नाही.

पूर्ण बाटली घेऊ नका. क्वार्टर घ्या, किंवा चांगल्या बारमध्ये एक स्मॉल मागवा. आधी जेवा. ग्लास नाकाजवळ नेताना तोंड किंचित उघडं ठेवा, म्हणजे अल्कोहोलची झिणझिणी कमी जाणवते. मग पाणी घाला. ‘पाणी घातलं की मजा गेली’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर रेणूंचं सिम्युलेशन करून दाखवलं, की पाण्याने पातळ केल्यावर ग्वायाकोल हा वासाचा रेणू पृष्ठभागाकडे येतो. भरपूर बर्फाने मात्र वास दबतो आणि जीभ बधिर होते. कोलात बुडवायची असेल, तर महागडी माल्ट घेण्यात अर्थ नाही.

आता शरीराचं. इथे माझ्यातली इंजिनिअर जागी होते. स्क्रीन सोपी दिसली, म्हणून मागच्या सर्व्हरचं काम कमी होत नाही. स्मूद व्हिस्की अशीच असते. धुराची असो की मधाची, बाटलीत अल्कोहोल चाळीस टक्के किंवा त्याहून जास्तच. भारतात भरलेल्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. हिशेब करा. ३० मिलीच्या एका स्मॉलमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, लार्जमध्ये २०. एक स्मॉल निस्तरायला यकृताला तास-दीड तास लागतो. खरखरीत व्हिस्की घशातच ‘थांब’ म्हणते. मऊ व्हिस्की म्हणत नाही, म्हणून मोजायचं काम आपल्यावर येतं. आणि मैत्रिणींनो, तेवढ्याच वजनाच्या पुरुषापेक्षा बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, म्हणून तेवढ्याच पेगने तिच्या रक्तातलं अल्कोहोल जास्त चढतं. ‘बायकांसाठी हलकी’ असं कुणी पुढे केलं, तर लेबलवरचा टक्का वाचा.

गाडी चालवणाऱ्यांसाठी कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. बारीक चणीच्या माणसाला एक स्मॉलसुद्धा तिथवर नेऊ शकतो. तेव्हा ज्याच्या हातात किल्ली, त्याच्या हातात कोकम सरबत. महाराष्ट्रात परवानाही लागतो. वयाची पंचविसाची अट मात्र आपण केव्हाच पार केली आहे!

तब्येतीसाठी थोडी चांगली असते, हा समजही सोडून द्या. कितीही कमी प्यायली तरी ती पूर्णपणे सुरक्षित नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. प्यायची तर चवीसाठी, औषध म्हणून नाही.

शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं. आपल्यापैकी काहींच्या घरात बाटलीने काय केलं, हे आपण त्याच बाकांवर बसून पाहिलं आहे. डबा न आणणारा कोण होता, फी भरायला उशीर कुणाला व्हायचा आणि का, हे तेव्हा कळत नव्हतं, आज कळतं. म्हणून आपल्या मंडळींत कुणी ‘मी घेत नाही’ म्हणालं, तर कारण विचारू नका. ‘अरे, ही अगदी स्मूद आहे, काही होत नाही,’ हे वाक्य आपल्या बॅचमधून कायमचं काढून टाका. ज्याला सुरुवात करायची आहे, त्याच्यासाठी वर नावं सांगितलीच आहेत. ज्याला करायची नाही, त्याच्यासाठी खुर्ची तीच, गप्पा त्याच आणि चिवड्याचा वाडगाही तोच.