हिमाखालचा मासा

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा माझ्या आधीच्या वक्त्यांनी घेतलाच आहे. त्याची पुनरुक्ती न करता मी आपल्याला एका माशाची गोष्ट सांगणार आहे. मराठी शिकवणाऱ्या, त्यातून जन्माने शाकाहारी असलेल्या बाईने मासेमारीवर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटेल. पण हा मासा मला आपल्याच एका माजी विद्यार्थिनीने दाखवला, आणि तेव्हापासून तो माझ्या मनातून गेलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी मुलीच्या बाळंतपणासाठी रजा घेऊन मी अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात गेले होते. ही विद्यार्थिनी तिथेच नोकरीला आहे. मार्चच्या प्रारंभी ती भेटायला आली आणि म्हणाली, "बाई, हिवाळा संपत आला. गोठलेलं पाणी पुस्तकातून तुम्ही शिकवलंत, आता मी तुम्हाला त्यावर उभं करते." कॅनडाच्या सीमेवर 'लेक ऑफ द वूड्स' नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे, तिथे ती मला घेऊन गेली. किनारा संपला तरी मोटार थांबेना, तेव्हा माझ्या तोंडून रामनाम निघाले. "चार इंच कठीण बर्फ असला की माणूस चालू शकतो, बाई. इथे तर दोन फुटांहून अधिक आहे," असे म्हणून तिने माझी समजूत घातली.

बर्फावर छोट्या लाकडी खोपट्यांची वस्तीच होती. तिच्या शेजाऱ्यांनी यांत्रिक गिरमिटाने बर्फाला वीतभर रुंदीचे भोक पाडले. खाली काळेभोर पाणी होते. हातभर लांबीच्या काठीला दोरी, दोरीला गळ, गळाला मेलेल्या लहान माशाचा तुकडा. गळ तळापर्यंत सोडायचा, तळावर हलकेच आपटत राहायचा आणि वाट पाहायची. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, म्हणून गोठणाऱ्या सरोवराच्या तळाशी पाणी द्रवरूपच राहते आणि जीव जगतात, हे आपण विज्ञानाच्या तासाला शिकवतो. त्या रात्री ते वाक्य माझ्या पायांखाली होते. मधूनच बर्फ तडकल्याचा दूरवर घुमणारा आवाज येई आणि माझ्या छातीत धस्स होई. बाकी कोणी मानही वर करीत नसे.

अंधार पडल्यावर बऱ्याच वेळाने दोरी ओढली गेली आणि बरबॉट वर आला. तपकिरी, ठिपकेदार, बुळबुळीत; डोके चपटे, अंग वामसारखे लांब, हनुवटीवर एकच मिशी. धरणाऱ्याच्या मनगटाला त्याने शेपटीचा विळखाच घातला. कॉड या प्रसिद्ध समुद्री माशाच्या कुळातला, पण गोड्या पाण्यात राहणारा हा एकमेव मासा. इतर बहुतेक मासे थंडीत सुस्तावतात आणि उबदार दिवसांत अंडी घालतात. याचे सगळेच उलटे. ऐन हिवाळ्यात, बर्फाच्या छताखाली, रात्रीच्या काळोखात, जेमतेम शून्य ते चार अंशांच्या पाण्यात याचा विणीचा हंगाम असतो. मोठी मादी लाखो अंडी घालते. एकेक अंडे सुमारे एक मिलिमीटरचे.

त्याच्या रूपामुळे तिथे त्याला पुष्कळ काळ हलके लेखले गेले. दुसऱ्या माशासाठी टाकलेल्या गळाला हा लागला, तर अनेकजण तो बर्फावरच फेकून देत. जाणकार मात्र त्याला 'गरिबांचा लॉबस्टर' म्हणतात. त्याच सरोवराकाठच्या बॉडेट गावात गेल्या शतकात या माशाच्या यकृताच्या तेलापासून औषधी जिन्नस बनवण्याचा उद्योग उभा राहिला होता, कारण त्यात 'अ' आणि 'ड' जीवनसत्त्वे भरपूर. फिनलंडमध्ये तर हिवाळ्यात याच्या सूपची आवर्जून वाट पाहतात.

परतताना माझ्या विद्यार्थिनीने मला या माशाची दुसरी कथा सांगितली. तेथून दूर पश्चिमेला, आयडाहो राज्यातून कूटनाय नदी वाहते. तिच्या काठच्या कूटनाय या आदिवासी समाजाचे बरबॉट हे पूर्वापार हिवाळ्यातले अन्न. नदीवर वरच्या बाजूला, माँटाना राज्यात, लिबी धरण बांधले गेले आणि १९७० च्या दशकात ते कार्यान्वित झाले. वीजनिर्मितीसाठी हिवाळ्यात धरणातून पाणी सुटू लागले. ते वेगाने येई आणि पूर्वीच्या हिवाळी पाण्यापेक्षा किंचित कोमट असे. बरबॉटचे कोणाशी वैर नव्हते, कोणी त्याच्या नाशाची प्रतिज्ञा केली नव्हती. पण त्याला हवा असलेला हिवाळाच नदीतून नाहीसा झाला आणि मासा आटत गेला. १९९२ मध्ये आयडाहोने तिथली बरबॉटची मासेमारी बंद केली. तोवर पकडायला फारसे काही उरलेच नव्हते.

आयडाहोतील कूटनाय समाज किती मोठा? १९७४ मध्ये त्यांनी आपल्या हक्कांसाठी अमेरिकेविरुद्ध शस्त्राविना 'युद्ध' पुकारले, तेव्हा त्यांची संख्या होती अवघी ६७! त्याच समाजाने आयडाहो विद्यापीठातील संशोधकांना सोबत घेऊन हा मासा परत आणायचे ठरवले. त्याच्या संगोपनाचे शास्त्र त्यांना जवळपास मुळापासून घडवावे लागले. सीमेपलीकडच्या, कॅनडातील मॉयी सरोवरात ऐन हिवाळ्यात मासे पकडून त्यांची अंडी मिळवली. ती अतिथंड पाण्यात उबवली. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या पिल्लांना त्यांच्याहूनही सूक्ष्म जिवंत खाद्य दिले. २०१४ मध्ये या समाजाचे नवे संगोपन केंद्र सुरू झाले. १ जानेवारी २०१९ रोजी त्या नदीत बरबॉटची मासेमारी पुन्हा खुली झाली. सत्तावीस वर्षांनी! धरण अजून तिथेच आहे. नदी पूर्वीसारखी झालेली नाही, आणि म्हणून काम संपलेलेही नाही.

आपल्याकडेही हे अपरिचित नाही. नर्मदेच्या महाशीर माशाला मध्य प्रदेशाने २०११ मध्ये राज्यमत्स्य घोषित केले, ते त्याची संख्या रोडावल्यावरच.

मंडळी, आता माझे खरे बोलणे. त्या रात्री मला झोप आली नाही. पाळण्यात माझी नात होती. तिच्या आईला, म्हणजे माझ्या मुलीला, मी या शाळेत घातले नव्हते. दोन गल्ल्या पलीकडच्या इंग्रजी शाळेत घातले होते. त्या वेळी मी इथे सहशिक्षिका होते, दररोज मातृभाषेचे महत्त्व शिकवीत होते. कोणी माझ्यावर सक्ती केली नव्हती, मराठीशी माझे वैरही नव्हते. पाणी थोडे कोमट झाले होते, इतकेच. आज माझी मुलगी मराठी बोलते, पण माझे पत्र तिला वाचून दाखवावे लागते. हे या व्यासपीठावरून सांगताना मला संकोच वाटतो. पण न सांगता आपल्याला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही.

म्हणून मी पालकांना दोष देत नाही. महाराष्ट्रापासून दूर, इंदूरसारख्या शहरात, पोटाची भाषा वेगळी आणि घरची भाषा वेगळी, ही आपली नदी आहे. तिच्यावरचे धरण हटणार नाही. गेल्या जूनमध्ये पहिलीच्या वर्गात दोन बाकांवर मावतील इतकीच मुले आली. वर्ग चालू ठेवावा की नाही, यावर समितीत दोन बैठका झाल्या. समितीने वर्ग चालू ठेवला. मी त्यांची ऋणी आहे.

पण जुन्या दिवसांच्या आठवणी काढून मासा परत येत नाही. त्यासाठी कोणीतरी थंडीत बर्फावर उभे राहावे लागते. माजी विद्यार्थ्यांनो, मला आपल्या देणगीपेक्षा आठवड्यातला एक तास हवा आहे: इथे येऊन, किंवा दुरून पडद्यावर, या लहानग्यांना एक गोष्ट मराठीत वाचून दाखवण्यासाठी. पालकहो, आपली मुले कोणत्याही माध्यमात शिकत असोत, शनिवारी दुपारी शाळेचे दार त्यांच्यासाठी उघडे राहील. त्या वर्गाला शुल्क नाही आणि परीक्षाही नाही.

पुढच्या मार्चमध्ये मी निवृत्त होईन. त्यानंतर पहिला शनिवारचा वर्ग मीच घेणार आहे. माझ्या मुलीने दुरूनच त्यात नाव नोंदवले आहे. नातीला मांडीवर घेऊन बसणार म्हणते.