धुराड्यातून जाणारी कमाई
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मघाशी लाईट गेली आणि सोसायटीचा जनरेटर सुरू झाला. त्याच्या धुराड्याजवळ हात नेऊ नका, भाजेल! डिझेलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्साच वीज होतो. बाकीची उष्णता धुराड्यातून आणि रेडिएटरमधून हवेत जाते. पैसे मात्र आपण पुऱ्या लिटरचे भरतो.

आपल्या भागातलं गुऱ्हाळ आठवा. चुलवणाच्या पुढे दुसरी काहील मांडली, तर जाता जाता तीच धग तिच्यातला रसही तापवते. आज मला सांगायची युक्ती हीच आहे, फक्त रसाच्या जागी अल्कोहोल.

हायड्रोजन साठवणं अवघड. म्हणून मिथेनॉल साठवायचं आणि लागेल तेव्हा हायड्रोजन काढायचा. मिथेनॉल आणि पाण्याची वाफ तांबे-जस्ताच्या उत्प्रेरकावरून २५० ते ३०० अंशांना नेली, की हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो. किलोभर मिथेनॉलमागे, कागदावरच्या हिशेबाने, सुमारे १९० ग्रॅम हायड्रोजन.

पण ही क्रिया उष्णता खाते. त्यासाठी मिथेनॉलच जाळलं, तर घरचं धान्य विकून दळणाचे पैसे देण्यासारखं झालं. वाया जाणारी उष्णता वापरली, तर ती हायड्रोजनमध्ये जमा होते. निघालेल्या हायड्रोजनची ऊर्जा मूळ मिथेनॉलपेक्षा १० ते १५ टक्के जास्त भरते. जादू नाही, ती धुराड्याचीच कमाई.

आपल्या उसाचं अल्कोहोल म्हणजे इथेनॉल. ते जास्त हट्टी, त्याला बहुधा ५०० अंशांच्या वर लागतात. डिझेलच्या धुराने त्याची वाफ होईल, पण पुढची क्रिया पुरी होईलच असं नाही. तरी स्पेनने पाणबुडीसाठी इथेनॉलपासून हायड्रोजन काढणारी यंत्रणा बांधली आहे. आपल्याकडे अंबरनाथच्या नौदल प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी फ्युएल सेल विकसित केला. त्यात हायड्रोजन पाणबुडीतच तयार होतो. मार्च २०२१ मध्ये जमिनीवरची चाचणी यशस्वी झाली.

मग आपण असं यंत्र घ्यायचं का? आज नाही. अधूनमधून चालणाऱ्या जनरेटरवर हा खर्च निघणार नाही. रोज तासन्‌तास चालणाऱ्या यंत्रावरच निघेल. शिवाय मिथेनॉल विष आहे आणि हायड्रोजन पटकन पेट घेतो. मुलांनो, घरी प्रयोग नको!

माझी विनंती एवढीच. नवा जनरेटर घेण्याआधी वर्षभर वहीत लिहा: किती तास चालला, डिझेल किती लागलं, धुराडं किती तापलं. सर्वसाधारण सभेत मग अंदाजाने नव्हे, आकड्यांनी बोलू.